थंड हवेच्या गावात निजायचं कुठं?

(नागपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



एप्रिलच्या नागपुरात थंड हवेच्या ठिकाणांवर व्याख्यान म्हणजे श्रोत्यांची थट्टा आहे, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. विषय मीच सुचवला होता. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांना नगरपालिकांची अंदाजपत्रकं वाचायची सवय होती, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. अंदाजपत्रकात ज्याच्या नावाचं शीर्ष नाही, तो माणूस गावात कुठे असेल हे शोधायला ते निघायचे. आज तसाच एक माणूस शोधायचा आहे. चिखलदऱ्याच्या, माथेरानच्या, महाबळेश्वरच्या हॉटेलात तो तुमची चादर बदलतो, सकाळी बादलीभर गरम पाणी आणून देतो, रात्री साडेअकराला शेवटचं ताट उचलतो. त्यानंतर तो कुठे झोपतो, आणि त्याच्याशी नगरपरिषदेचा काही संबंध आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

या प्रश्नाशी नागपूरचं नातं जुनं आहे. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झालं, आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन फोर्सिथने पचमढीला बायसन लॉज बांधलं. पुढे उन्हाळा तापला की नागपूरचं सरकार पचमढीला चढू लागलं. इटारसीवरून पिपरियापर्यंत रेल्वे, तिथून घाट; बरोबर फायलींच्या पेट्या, कारकून, चपराशी, खानसामे. १९३८च्या मे महिन्यात डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळातलं भांडण मिटवायला काँग्रेसचे श्रेष्ठी बसले तेही पचमढीलाच. तो समेट दोन महिनेही टिकला नाही. पण त्या बैठकीत चहा कोणी दिला आणि चहा देणारा कुठे राहत होता, हे इतिहासात नाही. अंदाज मात्र करता येतो, कारण त्या काळच्या बंगल्यामागे नोकरांच्या खोल्यांची ओळ ठरलेली असायची. यात दयाबुद्धी नव्हती. साहेबाला पहाटे चहा हवा, तर चहा करणारा हाकेच्या अंतरावर हवा, इतका सरळ हिशेब होता. खोल्या बुटक्या, अंधाऱ्या, गळक्या. पण नकाशावर त्या होत्या. बंगल्याचं हॉटेल झालं की पहिल्यांदा जाते ती हीच ओळ. भिंतीला रंग, आत टॉयलेट, दारावर ‘गार्डन व्ह्यू’ची पाटी, की झाली शनिवारची खोली तयार.

आता नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये या. १९५६ला राजधानी गेली; १९५३च्या नागपूर कराराच्या आधारे १९६०पासून हिवाळी अधिवेशन मिळालं. मंत्र्यांना रवी भवन आणि नाग भवन, आमदारांना आमदार निवास, आणि मुंबईहून येणाऱ्या कर्मचाऱ्यांना १६० खोल्यांचे गाळे. डिसेंबर जवळ आला की सार्वजनिक बांधकाम विभागाची धावपळ आपण पाहतो: रंगरंगोटी, गाद्या, ब्लँकेट, गिझर. गरम पाणी आलं नाही की बातमी छापून येते. दरवर्षीच्या या खर्चावर आपण नागपूरकर टोमणे मारतो, तेही रास्त आहेत. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. काही आठवड्यांच्या हंगामासाठी परगावहून येणाऱ्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याला झोपायला जागा लागते, हे महाराष्ट्र शासनाला पक्कं ठाऊक आहे. त्यासाठी इमारत आहे, वाटपाचे नियम आहेत, खर्चाचं शीर्ष आहे. हंगामी गावाला हंगामी माणसांची घरं लागतात, हे ज्ञान शासनाकडे आहेच. ते सिव्हिल लाइन्सच्या बाहेर का जात नाही, हे मला पाहायचं होतं.

म्हणून चिखलदरा. इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, मेळघाटातलं गाव, उंची साधारण १,१०० मीटर. इथल्या सभागृहात पावसाळ्यात भीमकुंड आणि पंचबोलला न गेलेलं कोणी असेल असं वाटत नाही. कायमची वस्ती पाच हजारांच्या आसपास. त्यासाठी ‘क’ वर्गाची गिरिस्थान नगरपरिषद. आणि शहापूर, मोथा, आलाडोहसारखी भोवतालची गावं धरून विकासासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलेली सिडको. चारी बाजूंनी जंगल, १९७४पासून व्याघ्र प्रकल्प. म्हणजे गाव पसरायला जागा नाही, आणि जुलै-ऑगस्टच्या शनिवारी परतवाड्यापासून गाड्यांची रांग.

चिखलदरा तालुक्याचं ठिकाणही आहे, हे पर्यटक विसरतो. तहसील आहे, पंचायत समिती आहे, रुग्णालय आहे, शाळा आहेत. या कर्मचाऱ्यांसाठी आपल्याकडे एक नियम आहे, तो ग्रामीण महाराष्ट्रात प्रत्येकाला माहीत आहे: मुख्यालयी राहण्याचा. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्य सेविका यांनी नेमणुकीच्या गावी राहायचं, त्यासाठी घरभाडे भत्ता घ्यायचा. ९ सप्टेंबर २०१९च्या शासन निर्णयाने तर ग्रामपातळीवरच्या कर्मचाऱ्यांना, आपण मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव आणायला सांगितलं. २०२२मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत शिक्षकांच्या घरभाडे भत्त्याचा विषय काढला, तेव्हा झालेला गदारोळ तुम्हाला आठवत असेल. शिक्षक संघटना म्हणत होत्या, गावात राहण्याजोगं घर दाखवा. बंब म्हणत होते, राहत नाही तर भत्ता घेऊ नका. दोन्ही बाजूंना आपापल्या परीने आधार होता. उरतो तो आपला जुना उपाय, अपडाऊन.

साध्या खेड्यात घर मिळत नाही कारण घरं मोडकी असतात. पर्यटनाच्या गावात घरं चांगली असतात, म्हणून मिळत नाहीत. नर्सबाईंना महिन्याच्या भाड्याने दिलेली खोली पावसाळ्यातल्या चार शनिवार-रविवारी पर्यटकाला दिली तर किती जास्त पैसे सुटतात, हा हिशेब तिथे कोणालाही करता येतो. घरमालकाला मी दोष देत नाही. उरलेले सात-आठ महिने त्याच्याकडेही कोणी फिरकत नाही. शिवाय शासनच त्याला सांगतं की घरात पर्यटक ठेव. पर्यटन खात्याची निवास न्याहारी योजना त्यासाठीच आहे. म्हणजे एक खातं नर्सबाईंना सांगतं, गावातच राहा. दुसरं खातं त्यांच्या घरमालकाला सांगतं, खोली पर्यटकाला दे. दोन्ही आदेश इमाने इतबारे पाळले गेले, तर त्या माउलीने परतवाड्याच्या एसटीतच बिऱ्हाड थाटायला हवं. घाटातला तीसेक किलोमीटरचा रस्ता, पावसाळ्यात दरड, धुकं. आणि रात्री साप चावलेलं पोर रुग्णालयात आलं की पहिली शिवी तिलाच.

ही झाली पगारी, संघटना असलेली, ओळखपत्र असलेली माणसं. हॉटेलातल्या पोरांना यातलं काहीच नाही. मोथ्याची, शहापूरची पोरं संध्याकाळी घरी जातात. बैतूलकडून, बिहारमधून, नेपाळमधून आलेले आचारी आणि वेटर हॉटेलातच पडतात. ‘पडतात’ हा त्यांचाच शब्द. टेबलं भिंतीला सरकवून जेवणाच्या हॉलमध्ये, जिन्याखाली, जनरेटरच्या खोलीशेजारी, गच्चीवर टाकीच्या आडोशाला. सीझनमध्ये मालकाने शेवटची खोलीही विकली की मॅनेजरही काउंटरमागे आडवा होतो. चिखलदऱ्याची पावसाळी थंडी आपल्याला दोन दिवस फार छान वाटते. ओल्या लादीवर चार महिने काढणाऱ्याला तिचं कौतुक नसतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. हा भाग थोडा रुक्ष आहे, पण माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. महाराष्ट्रात कॉफीचं नाव निघालं की चिखलदऱ्याचं निघतं. मळे आता थोडकेच, पण आहेत. १९५१च्या मळा कामगार कायद्याने पाच हेक्टरांवरच्या आणि पंधरा मजुरांवरच्या मळ्यात मालकाने मजुराला घर देणं बंधनकारक केलं. नव्या कामगार संहितेतही ते कलम टिकलं आहे. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने इमारत बांधणाऱ्या मजुराला काम चालू असेपर्यंत तात्पुरता निवारा फुकट द्यायला सांगितलं. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर निवाऱ्याची जबाबदारी टाकली. आणि हॉटेलं ज्याखाली येतात तो महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७? तो हॉटेल वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडं ठेवायला मुभा देतो. पन्नास कामगार असतील तर पाळणाघर, शंभर असतील तर उपाहारगृह. निवाऱ्याबद्दल अक्षर नाही. वेतन कायद्यात घराचा उल्लेख आहे. मालकाने घर दिलं असेल तर त्यापोटी पगारातून किती कापता येईल, एवढ्यापुरता.

सगळं एकत्र मांडलं तर चित्र असं होतं. कॉफीची फळं तोडणाऱ्या बाईला घराचा हक्क. हॉटेलची भिंत बांधणाऱ्या गवंड्याला निवाऱ्याचा हक्क. भिंत बांधून झाली, रंग लागला, आत बसून गिऱ्हाइकाने कॉफी मागवली, की ती आणून देणाऱ्याला काही नाही. यामागे कट आहे असं मी म्हणत नाही. मळा आणि बांधकाम गावाबाहेर असतं, तिथे राहायची सोय नाही हे कायदा करणाऱ्याला दिसतं. हॉटेल गावात असतं, आणि गावात घरं असतातच, असं त्याने धरलं. मुंबई-पुण्याच्या खानावळी डोळ्यांसमोर ठेवून केलेला कायदा डोंगरावरच्या गावाला जसाच्या तसा लावला.

बांधकाम नियमांची तीच कथा. डिसेंबर २०२०मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली. तिच्यात एक चांगली तरतूद आहे: दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प उभा राहिला तर वीस टक्के घरं लहान उत्पन्नाच्या लोकांसाठी. पण ही नियमावली गिरिस्थान नगरपरिषदांना लागूच नाही, त्या स्पष्ट शब्दांत वगळलेल्या आहेत. वगळण्याचं कारण योग्य होतं. नागपूरच्या उंचीच्या इमारती महाबळेश्वरला नकोत. पण उंचीबरोबर घरांचा विचारही वगळला गेला. महाबळेश्वर-पाचगणी १७ जानेवारी २००१ला आणि माथेरान ४ फेब्रुवारी २००३ला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झालं. झाडं, टेकड्या, पाणवठे, वारसा इमारती, पर्यटकांची वहनक्षमता, सगळ्याचा विचार झाला आणि तो व्हायलाच हवा होता. वहनक्षमता मोजताना पर्यटक मोजतात. शंभर पर्यटकांमागे राबणारी माणसंही त्याच डोंगरावर पाणी पितात आणि त्याच डोंगरावर झोपतात. ती या गणितात धरायला नकोत का?

माथेरानमध्ये हे सगळ्यात ठळक दिसतं, कारण तिथे गाडीच जात नाही. दस्तुरीपाशी वाहनं थांबतात. पुढे पाय, घोडा, नाहीतर पीरभॉय कुटुंबाने १९०७ साली सुरू केलेली छोटी गाडी. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५०मध्ये डोंगर चढला, त्यानंतर सरकारने जमीन भाडेपट्ट्याने वाटली. आजही तिथला माणूस भूखंड सांगताना एमपी आणि बीपी म्हणतो. मार्केट प्लॉट आणि बंगलो प्लॉट. बीपी म्हणजे झाडीत बुडालेला एकेक बंगला. एमपी म्हणजे बाजाराभोवतीची दाटी, तिथे घोडेवाले, दुकानदार, हमाल, नगरपरिषदेचे कर्मचारी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात. कुटुंब वाढलं की वरती पत्र्याची खोली चढते, आणि ती अनधिकृत ठरते. हरित न्यायाधिकरणाने माथेरानच्या अनधिकृत बांधकामांवर हातोडा चालवायला सांगितलं, तेव्हा एकाच यादीत हॉटेलचा वाढीव मजलाही होता आणि मुलाच्या लग्नासाठी काढलेली खोलीही. नियमाला दोन्ही सारखेच. मला हे पटत नाही. पर्यावरणाचा कायदा पातळ करा असं मी म्हणत नाही. पण ज्या नगरपरिषदेने राहत्या माणसांसाठी वीस वर्षांत एक वैध जागा दाखवली नाही, तिने राहत्या खोलीवर हातोडा उचलण्याआधी क्षणभर थांबायला हवं होतं.

आणि जे एमपीतही मावत नाहीत, ते डोंगराखाली राहतात. आसलवाडी, बेकरेवाडी, जुम्मापट्टी. तिथल्या ठाकूर, कातकरी, धनगर बाया पहाटे डोक्यावर दूध, भाजी, सरपण घेऊन चढतात, दिवसभर हॉटेलात धुणीभांडी करतात आणि अंधार पडायच्या आत उतरतात. आपण ज्याला ट्रेक म्हणून पैसे देतो ती त्यांची रोजची हजेरी.

६ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला. सरन्यायाधीश होते आपल्या अमरावतीचे भूषण गवई. माणसाने माणसाला ओढणं अमानुष आहे, ई-रिक्षा त्याच ९४ परवानाधारक ओढणाऱ्यांना द्या, गुजरातेतल्या केवडियासारखी व्यवस्था करा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. आदेश उत्तम आहे. माझ्या विषयापुरतं त्यात पाहण्यासारखं वेगळं आहे. तिथल्या कष्टकऱ्याला मोजायला, नाव लावून यादी करायला, त्याचा हक्क त्या गावाशी बांधायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आणि ९४ची यादी होऊ शकली, कारण नगरपरिषदेने परवाने दिले होते. परवाना होता म्हणून माणूस कागदावर सापडला. वेटरला परवाना नाही.

आता कोणी म्हणेल, मालकांवरच सक्ती करा, प्रत्येक हॉटेलात कामगारांच्या खोल्या बांधायला लावा. इथे मी थोडा अडखळतो, आणि अडखळायला लावणारं उदाहरण नागपुरातलंच आहे. सफाई कामगारांच्या वसाहती पाहा. नोकरी आहे तोवर क्वार्टर. निवृत्त झालं की खाली करा. म्हणून घर टिकवण्यासाठी मुलगा झाडू हातात घेतो. शिकलेला असला तरी घेतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाला नोकरी दिली, त्यात घराची ही अडचणही मिसळलेली आहे. पुढे श्रमसाफल्य योजनेत पंचवीस वर्षं सेवा झालेल्या सफाई कामगाराला मालकीचं घर देण्याचं ठरलं, ते याच दुखण्यावर औषध म्हणून. मालकाने दिलेलं छप्पर मालकाच्या हातात राहतं. ताडोब्याच्या, पेंचच्या वेशीवरच्या रिसॉर्टांत कामगारांच्या खोल्या असतात, बऱ्यापैकी असतात. पण पगार थकला म्हणून तिथला पोरगा बोलत नाही, कारण बोलला तर रात्रीच मोहर्लीच्या फाट्यावर बोचकं घेऊन उभं राहावं लागेल.

याच्या उलट बेझनबाग. १८७७ला जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली. बेझनजी मेहता तिचे कर्तेधर्ते. पुढे मिलने इंदोऱ्याकडे सरकारकडून जागा घेतली आणि कामगारांना तिथे कर्ज देऊन स्वतःची घरं बांधू दिली. मिल १९८६ला राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ला बंद पडली. भोंगा थांबला, वस्ती थांबली नाही. जमिनीचे तंटे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण मिल गेली म्हणून माणसं रस्त्यावर आली नाहीत, त्यांच्या नातवंडांनी तिथूनच कॉलेज केलं. तसंच १९५२च्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेचं. सोमवारी क्वार्टर, रघुजीनगर या वस्त्यांत कामगाराचं घर ही शासनाची जबाबदारी आहे, असा एका काळाचा समज विटांत उतरलेला आहे. घर एका मालकाशी बांधलेलं नव्हतं. गावाशी, धंद्याशी बांधलेलं होतं. पर्यटनाच्या गावांना मला हवं आहे ते हेच.

आणि हॉटेल हा उद्योग नाही, असं आता म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२०मध्ये राज्याने आतिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला. वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दराने. २०२४च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगारांचं उद्दिष्ट ठेवलं. उद्योगाचे दर घेतले, मग उद्योगाचं दायित्व कुठे गेलं? अठरा लाखांतले किती जण डोंगरावर, किनाऱ्यावर, जंगलाच्या वेशीवर काम करतील आणि ते निजतील कुठे, हा प्रश्न धोरणाला कोणीतरी विचारायला हवा.

जगात हा प्रश्न विचारला गेला आहे, तोही श्रीमंत गावांत. कॅनडात व्हिस्लर नावाचं बर्फावर घसरायचं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेने १९९०च्या सुमारास नियम केला: हॉटेल किंवा दुकान बांधायचं तर त्यामुळे जितके कामगार वाढतील त्या प्रमाणात घरं बांधा, नाहीतर नगरपालिकेकडे पैसे भरा. १९९७मध्ये त्यांनी स्वतंत्र गृहनिर्माण संस्था काढली. काम करणाऱ्यांपैकी निदान तीन चतुर्थांश लोक गावातच राहिले पाहिजेत, हे उद्दिष्ट लिहून ठेवलं. ही घरं गावात नोकरी करणाऱ्यालाच घेता येतात किंवा भाड्याने राहायला मिळतात, आणि विकताना किंमत ठरलेल्या मर्यादेतच वाढते. मालक बदलला, हॉटेल बदललं, तरी घर राहतं. अमेरिकेतल्या अॅस्पेनमध्ये अशी तीनेक हजार घरं आहेत. तिथे सगळं सुरळीत आहे असं समजू नका. अब्जाधीशांच्या बंगल्यांशेजारी परिचारिका आणि बसचालक घराच्या सोडतीत वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात. पण रांग आहे, म्हणजे यादी आहे.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं मला लगेच सांगितलं जातं. जमीन नाही, पैसा नाही, अधिकार नाही. एकेक पाहू. जमीन नाही हे खरं, पण हॉटेलला निघते. विकास आराखड्यात ‘कर्मचारी निवास’ हे आरक्षण आपल्याकडे जुनंच आहे; त्यात नगरपरिषदेचे कर्मचारी धरतात, ते गावात काम करणाऱ्या सगळ्यांपर्यंत वाढवायचं. डोंगरावर खरोखर जागा नसेल तर पायथ्याशी घरं आणि रात्री बारापर्यंत चालणारी नगरपरिषदेची बस. मोथ्याला जे जमेल ते माथेरानला जमणार नाही, तिथे आसलवाडीचाच विचार करावा लागेल. पैसा? प्रत्येक गिरिस्थानाच्या नाक्यावर आपण प्रवासी कर देतो. पावती कोणी वाचत नाही. त्यातला ठरीव हिस्सा घरांच्या निधीत टाकायचा, हॉटेलच्या नव्या खोलीमागे शुल्क लावायचं, आणि केंद्राच्या परवडणाऱ्या भाडे-गृहांच्या योजनेतून उरलेलं आणायचं. पाच हजार वस्तीच्या नगरपरिषदेला हे एकटीला पेलणार नाही, म्हणून चिखलदऱ्यात सिडको आहे ना? काचेचा स्कायवॉक जिच्या कल्पनेत बसतो, तिच्या कल्पनेत साठ खाटांचं वसतिगृह बसायला हरकत नसावी.

अधिकाराचं म्हणाल, तर तो आहे. नाही ती गरज वाटणं. हॉटेलमालक नगरसेवक असतो किंवा नगरसेवकाचा मेव्हणा असतो. वॉर्ड काहीशे मतांचा. वेटरचं मत बैतूलला, मोलकरणीचं वाडीत. ज्याचं मत नाही त्याच्यासाठी ठराव कोण मांडेल? ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवासीयांबद्दल म्हटलं होतं की ही माणसं तिथे राहतात कारण काम तिथे आहे, आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. या निकालाला चाळीस वर्षं झाली. पर्यटनाच्या गावांतल्या नियमांत मात्र तो अजून पोचलेला नाही.

सुरुवात फार लहान करता येईल. हॉटेलचा परवाना नव्याने देताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी नगरपरिषद अर्जात खोल्या विचारते, अग्निशमन विचारते, पार्किंग विचारते. त्यात एक रकाना वाढवावा: कामगार किती, आणि रात्री ते कुठे झोपतात. खोटं भरतील, भरू द्या. निदान खोटं लिहून द्यावं लागेल आणि कोणालातरी ते जाऊन तपासता येईल. दुसरी गोष्ट आराखड्याची. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल सुचवता येतो. नियोजन प्राधिकरणाने ठरवलं की जाहीर सूचना निघते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. त्या महिन्यात हॉटेलमालकांच्या हरकती गठ्ठ्याने येतील, हे मी आजच सांगतो. वेटर येणार नाही. त्याला सुट्टी नसते, आणि सूचना ज्या वर्तमानपत्रात छापून येते ते त्याने फक्त टेबलावर ठेवलेलं असतं. पण हरकत किंवा सूचना देण्यासाठी त्या गावचा मतदार असावं लागत नाही. कोणालाही ती देता येते. पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाऊन आलेल्या नागपूरकरालाही. अर्ज साध्या कागदावर चालतो.